बारावा बोल्ट

घरात थर्मामीटर तीन होते. एक टिटवीच्या आंघोळीच्या पाण्यात बुडवायचा, एक पाळण्याशेजारी भिंतीला टांगलेला, आणि तिसरा पिस्तुलासारखा, कपाळावर रोखून चाप ओढला की आकडा दाखवणारा. सूनबाई हा तिसरा खिशात घेऊनच हिंडायची. टिटवी शिंकली की रोख कपाळावर. टिटवी झोपली की रोख. टिटवी हसली तरी रोख, कारण तापातही मुलं हसतात असं तिने कुठेतरी वाचलं होतं. सासूबाई म्हणायच्या, या घरात चोर शिरला तर आधी त्याचा ताप बघितला जाईल, मग आरडाओरडा.

टिटवी आठ महिन्यांची. तिचं खरं नाव चांगलं लांबलचक होतं, पण ते कुणाच्या तोंडात बसायच्या आत सासूबाईंनी आवाजावरून हे ठेवलं आणि तेच चिकटलं. तिचा सूर लागला की समोरचा दुकानदार शटर अर्धं खाली ओढायचा. घरात हे नाव न पटलेला माणूस एकच, तो म्हणजे आप्पा, सूनबाईचे सासरे. येईल त्या गिऱ्हाइकाला ते नात दाखवायचे आणि सांगायचे की इतकं शांत पोर जन्मात पाहिलं नाही, रडणं म्हणून हिला ठाऊक नाही. त्याच क्षणी टिटवी बेंबीच्या देठापासून ओरडत असायची. आजोबांची माया आंधळी असते म्हणून गिऱ्हाईक सोडून द्यायचं.

खाली नटबोल्टचं दुकान, वर घर, आणि मधे अकरा पायऱ्यांचा लोखंडी जिना. हे दुकान आप्पांनी चाळीस वर्षं एका कानावर चालवलं होतं. दारातच एक काळा दगड बसवलेला. कुठलाही बोल्ट हातात आला की आप्पा तो वितभर उंचीवरून दगडावर सोडत, मान तिरकी करत, डोळे मिटत, आणि निकाल देत. हा थंडीचा. हा उन्हाचा. हा आगीचा. बर्फाच्या कारखान्याला थंडीचा द्यायचा, कारण साधं पोलाद फार गारठलं की काचेसारखं तडकतं. भट्टीला आगीचा, कारण साधं पोलाद लाल झालं की ढिलं पडतं आणि पापुद्रे सोडतं. उरलेल्या जगाला उन्हाचा. बोल्टच्या डोक्यावर कारखान्याने कोरलेला आकडा असतो आणि त्यावरून पोलादाची जात कळते, हे आप्पांना माहीत होतं. पण ते म्हणत, ‘आकडा कुणीही कोरतो. आवाज कोरता येत नाही.’

तीन जातींना तीन फडताळं, आणि त्यांत टिटवीच्या दुधाच्या पावडरचे रिकामे डबे, कारण सासूबाईंना काही टाकून देववत नसे. त्यामुळे ज्या डब्यावर आप्पांनी खडूने ‘आग’ असं लिहिलं होतं, त्यावर खाली छापलेलं असायचं: सहा महिन्यांवरील बाळांसाठी.

आप्पांची आणखी एक रीत होती. मोठी ऑर्डर गेली की त्यातला एक बोल्ट काढून घ्यायचा आणि त्या जागी स्वतः निवडलेला, खिशात बाळगलेला एक घालायचा. त्याला ते ‘हातचा’ म्हणत. हातचा गेला की माल निर्धास्त, असा त्यांचा समज. आणि चाळीस वर्षांत तो खोटा ठरला नव्हता.

सूनबाई धातुशास्त्र शिकलेली. लग्नाआधी दोन वर्षं एका प्रयोगशाळेत तिने पोलादाचे तुकडे तापवले, गोठवले, ओढले आणि तोडले होते. टिटवीच्या वेळी नोकरी सुटली. नवरा पूल बांधणाऱ्या कंपनीत, महिन्यातले वीस दिवस बाहेर. दुपारी टिटवी झोपली की ती खाली दुकानात येऊन बसायची, तेवढीच मोठ्या माणसांशी बोलायची सोय. आप्पा तिला स्टुलावर बसू देत, पण मालाला हात लावू देत नसत. पुस्तकातलं पोलाद वेगळं आणि दगडावरचं वेगळं, असं त्यांचं म्हणणं.

एके दिवशी तिने टिटवीचा कान तपासायचं ठरवलं. कारण काही नव्हतं, कारण कधीच काही नसायचं. टिटवीला आप्पांच्या शेजारी गालिच्यावर बसवलं, हळूच मागे गेली आणि खुळखुळा वाजवला. टिटवीने मान वळवली. कपाटावरच्या मांजराने मान वळवली. आतून सासूबाईंनी विचारलं, काय पडलं गं. आप्पा पेपर वाचत होते. तिने दुसऱ्या बाजूला जाऊन खुळखुळा जोरात वाजवला, अगदी आप्पांच्या कानामागे. आप्पांनी पान उलटलं.

सूनबाई खुळखुळा धरून तशीच उभी राहिली. मग एकेक गोष्ट आठवायला लागली. बोल्ट दगडावर टाकला की आप्पा आताशा डोळे मिटत नसत. समोरच्याच्या तोंडाकडे बघत. गिऱ्हाइकाची भुवई वर गेली की म्हणत, बघा, कळलं ना तुम्हालाही, आगीचाच आहे. आणि ते शांत पोर. माया आंधळी नव्हती, बहिरी होती.

तिने कुणाला सांगितलं नाही. ज्या माणसाची सगळी इभ्रत एका कानात आहे, त्याला तो कान गेला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि आप्पांना ते ठाऊक नव्हतं असंही नाही. त्यांना ठाऊक होतं म्हणून तर ते तोंडं वाचत होते.

चारच दिवसांनी भट्टीमास्तर आले. काचेची भांडी करणाऱ्या कारखान्यात भट्टीचा सगळा कारभार त्यांच्याकडे. चेहरा कायम भाजलेला, भुवया नावापुरत्या. ते सांगायला लागले की मागच्या वर्षी आप्पांच्या दुकानातून नेलेले बोल्ट दुरुस्तीच्या वेळी सुटलेच नाहीत. नट आणि बोल्ट एकजीव झाले, चोवीसच्या चोवीस गॅसने कापावे लागले, दोन दिवस काम अडलं. आता भट्टीच्या दाराला नव्या विटा लावल्यात. चौकटीला चोवीस बोल्ट लागतील. बारा आप्पांचे, बारा समोरच्या दुकानातले. दहा दिवस भट्टी पेटवायची, मग निववायची, आणि सगळ्यांदेखत उघडायची. ज्याचे सुटतील त्याच्याच दुकानाची पायरी कारखाना पुढे चढणार. आणि आपापला पाना आपापल्या दुकानदाराने धरायचा.

हे सगळं ते फडताळाकडे तोंड करून, बोल्ट न्याहाळत बोलले. त्यामुळे आप्पांना त्यातलं अक्षरही मिळालं नाही. मास्तर वळले आणि कबूल का म्हणून हात पुढे केला, तेव्हा आप्पांनी गंभीरपणे मान डोलावली आणि हात मिळवला. चाळीस वर्षांची पत त्यांनी अशी, काही न ऐकता, पणाला लावली.

समोरचा दुकानदार आपल्या दारातून हे बघत होता. त्याला गल्ली चकचकीत म्हणायची, कारण तो मालही पॉलिश करायचा आणि टक्कलही. त्याने लांबूनच सलाम ठोकला.

मास्तर गेल्यावर सूनबाईने एका कागदावर शर्त सुवाच्य अक्षरात लिहिली आणि आप्पांपुढे ठेवली, म्हणाली, विसरायला नको म्हणून. आप्पांनी वाचली. पुन्हा वाचली. कागदाची चार घड्या करून खिशात घातली आणि म्हणाले, ‘हो, ठाऊक आहे. मीच तर कबूल केलं.’ 

दुसऱ्या दुपारी आप्पा वर आडवे झाल्यावर सूनबाई फ्रिजवरचं चुंबकाचं बदक घेऊन खाली आली. भट्टीत टिकणाऱ्या भारी पोलादाला लोहचुंबक धरत नाही, साध्याला कडकडून मिठी मारतं. तिने ‘आग’ लिहिलेला डबा कागदावर ओतला आणि बदक फिरवलं. बदकाने एकामागून एक बोल्ट चोचीला लटकवून बाहेर काढले. निम्मा डबा. रंगाने सगळे सारखेच मळकट, डोळ्यांना फरक कळू नये असे. उरलेल्यांच्या डोक्यावरचे आकडे तिने भिंग लावून वाचले. त्यांतलेही काही फक्त गंजाला भीक न घालणारे निघाले. ते थंडीत उत्तम, पण लाल आगीत दम सोडणारे. खरे आगीचे मिळाले सतरा.

आता एवढंच करायचं होतं, की या सतरांतले बारा आप्पांनी स्वतः निवडले असं आप्पांना वाटलं पाहिजे.

ती त्यांना म्हणाली, ‘आप्पा, मला कान शिकवा.’

आप्पा इतके खूश झाले की त्यांनी तिच्यासाठी स्टुलावर उशी ठेवली. मग जे चाललं ते बघण्यासारखं होतं. आप्पा बोल्ट दगडावर टाकत आणि सुनेच्या तोंडाकडे बघत. सून मुठीत लपवलेलं बदक बोल्टजवळून फिरवे, डोक्यावरचा आकडा वाचे आणि तोंड करे. चांगला असला की प्रसन्न, वाईट असला की आंबट. आप्पा त्या तोंडावरून निकाल देत आणि वर विचारत, ऐकलंस ना कसा बोलला? ती म्हणे, ऐकलं, अगदी घंटेसारखा. ती बघत होती, ते वाचत होते, आणि ऐकत दोघांपैकी कुणीच नव्हतं. तासाभरात बारा बोल्ट बाजूला झाले. आप्पा म्हणाले, ‘तुझा कान तयार होतोय हं. माझ्यावर गेलीस.’

पण बोल्ट निवडून भागणार नव्हतं. किती तापतं हे माहीत नसताना माल देणं म्हणजे पाण्यात हात न घालता बाळाला आंघोळ घालणं. टिटवीला सासूबाईंच्या मांडीवर देऊन ती कारखान्यात गेली. जुन्या विटांची एक भट्टी शेजारी चालू होती. मास्तरांना तिने विचारलं, बोल्टपाशी उष्णता किती? मास्तर म्हणाले, खूप. खूप म्हणजे किती? म्हणजे हात लावू नका. तिने सवयीने खिशातलं पिस्तूल काढलं, लांबून दाराच्या चौकटीवर रोखलं आणि चाप ओढला. यंत्र किंचाळलं. आकड्याऐवजी पडद्यावर लालभडक रडका चेहरा आला, आणि खाली अक्षरं: डॉक्टरांना दाखवा.

सगळे कामगार बघायला गोळा झाले. मास्तरांनी चेहरा जराही न हलवता विचारलं, ‘मग, काय औषध द्यायचं म्हणता भट्टीला?’

हशा ओसरेपर्यंत ती चौकटीच्या बोल्टांकडे बघत राहिली. त्यांचा रंग जुन्या विटेसारखा मंद लाल होता. प्रयोगशाळेत हा रंग तिने शेकडो वेळा पाहिला होता. सातशेच्या आसपास. वर्षातून भट्टी किती वेळा निवते, हेही तिने विचारून घेतलं, कारण पोलादाला सतत तापण्यापेक्षा पुन्हा पुन्हा तापणं आणि निवणं जास्त बाधतं. मुलांचंही तसंच असतं, असं ती म्हणाली. मास्तरांना मूल नव्हतं, त्यांनी मान डोलावली.

घरी येऊन तिने नट निवडले. आप्पा नेहमी नट आणि बोल्ट एकाच पोलादाचे देत, एका घराण्यातले एकमेकांना सांभाळून घेतात म्हणून. तिचं शिक्षण उलट सांगत होतं. हे भारी पोलाद सख्ख्या जावांसारखं. एकमेकींवर घासून तापल्या की अशा गुंततात की कापल्याशिवाय सुटत नाहीत. म्हणून नट तिने वेगळ्या जातीचे घेतले, तेही आग सोसणारे, आणि आट्यांत किंचित सैल, कारण तापल्यावर फुगायला जागा हवी. राहिला प्रश्न आट्यांत चोपडायचा. दुकानातलं ग्रीस त्या आगीत घटकाभरात जळून कोळसा होणार. खास मलम मागवायचं तर दोन आठवडे. माल द्यायचा होता तीन दिवसांनी.

ती डोकं धरून स्वयंपाकघरात बसली होती. समोर फळीवर आप्पांची निळी बाटली होती. मिल्क ऑफ मॅग्नेशिया. पोट साफ व्हायचं पांढरं औषध, रोज झोपताना दोन चमचे. आणि तिला एकदम कॉलेजातले सर आठवले. भट्टीच्या विटा मॅग्नेशियाच्या करतात, पोरांनो, आणि घाईत दुसरं काही मिळालं नाही तर हेच औषध आट्यांना लावा. पाणी उडून जातं, मागे पांढरी पूड राहते, ती कुठल्याही आगीला दाद देत नाही आणि धातूला धातू चिकटू देत नाही. तेव्हा वर्ग हसला होता. तीही हसली होती.

तिने दोन बोल्ट घेतले, एक कोरडा, एक औषध लावलेला, आणि शेगडीच्या ज्वाळेवर लाल होईपर्यंत ठेवले. सासूबाई दारात आल्या, शेगडीवरच्या नटबोल्टांकडे पाहिलं आणि विचारलं, जेवणात मीठ घालायचं की ग्रीस. निवल्यावर कोरडा बोल्ट हटून बसला. औषधाचा पान्याच्या एका हिसक्यात सुटला. एकदा करून तिचं समाधान होण्यासारखं नव्हतंच. तिने नऊ वेळा केलं.

त्यात आप्पांची बाटली संपली. तिने गुपचूप नवी आणली. तीही संपली. तिसरी आणायला गेली तेव्हा औषधवाल्याने चष्मा खाली ओढून विचारलं, दोन दिवसांत तीन बाटल्या? आप्पांसाठीच ना? ती हो म्हणाली. दुसरं काय सांगणार, भट्टीसाठी? संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की आप्पांची अवस्था गंभीर आहे. येणारा जाणारा दुकानात डोकावून गरम पाणी प्या, चालत जा, डाव्या कुशीवर झोपा असे सल्ले द्यायला लागला. चकचकीत तर रस्ता ओलांडून आला आणि आप्पांचा हात हातात घेऊन म्हणाला की मनावर ताण घेऊ नका, हरणं जिंकणं चालायचंच, तब्येत महत्त्वाची. आप्पांनी प्रत्येकासमोर गंभीरपणे मान डोलावली. त्यामुळे बातमी पक्की झाली.

माल द्यायच्या दिवशी टिटवीला लस टोचलेली. यंत्र सदतीस पूर्णांक चार दाखवत होतं आणि सूनबाईच्या मते तो ताप होता. त्यामुळे औषध लावून वाळवलेले बारा बोल्ट आप्पा एकटेच घेऊन गेले. संध्याकाळी छाती काढून आले. सगळे बोल्ट मास्तरांसमोर वाजवून दाखवले म्हणाले. बसवले. भट्टी पेटली.

दुसऱ्या दिवशी धुणं काढताना सासूबाईंनी आप्पांच्या विजारीचा खिसा उलटा केला आणि फरशीवर काहीतरी ठणकन पडलं. पांढऱ्या आट्यांचा बोल्ट, नटासकट.

सूनबाईने तो उचलला. हातचा. आप्पांनी तिच्या बारांतला एक काढून स्वतःचा घातला होता. तिने धावत खाली जाऊन ‘आग’चा डबा पाहिला. वाईट म्हणून बाजूला काढलेले बोल्ट तिने मोजून पुन्हा त्यातच ठेवले होते. सवयच होती, टिटवीचे मोजेही ती मोजायची. त्यांत एक कमी होता.

लसीच्या कार्डाच्या मागच्या बाजूवर तिने हिशेब मांडला. चोवीसांत एक साधा निघाला म्हणून दार पडणार नाही, तेवीस जण त्याचा भार सहज घेतील. कुणाला धोका नाही हे तिने तीन वेळा ताडून पाहिलं. पण तो सुटणार नाही. साध्या पोलादाचा, औषध न लावलेला, सातशे अंशांत दहा दिवस. तो बोल्ट आता चौकटीचा अवयव होणार होता. आणि मास्तरांना भट्टी विझवा म्हणून सांगायचं तर आप्पांचा कान चव्हाट्यावर मांडावा लागला असता.  दहा दिवसांत तिने टिटवीचा ताप इतक्या वेळा बघितला की यंत्राची बॅटरी संपली.

अकराव्या दिवशी भट्टी निवली. कारखान्यात जत्रा जमली होती. कामगार, अर्धी गल्ली, गॅसकटर खांद्यावर घेतलेला माणूस, आणि औषधवालाही, कारण तीन बाटल्यांनंतर आप्पा कसे दिसतात हे त्याला बघायचं होतं. टिटवीला कडेवर घेऊन सासूबाई आल्या होत्या. सूनबाईने तिला दारापासून तीस पावलं लांब ठेवायला सांगितलं होतं, पावलं मोजून.

चकचकीतने आधी पाना लावला. त्याचे बोल्ट दहा दिवसांपूर्वी आरशासारखे होते, आता भाजलेल्या वांग्यासारखे. पहिला हलला नाही. दुसरा करकरला आणि मान मोडून हातात आला. बारांपैकी दोन सुटले. बाकीच्यांवर त्याने लटकून पाहिलं, उडी मारून पाहिलं, आणि शेवटी टकलावरचा घाम पुसून म्हणाला की भट्टीच जरा जास्त तापवली होती. उरलेले गॅसकटरवाल्याने कापले.

मग आप्पा. त्यांनी पाना धरला. पहिला नट एक क्षण अडला, आणि मग फिरायला लागला, बोटांनी फिरवावा इतका गुण्यागोविंदाने. आट्यांतून पांढरी पूड भुरभुर खाली पडली. लोक पुढे सरकले. दुसरा, तिसरा, चौथा. मास्तरांनी पूड चिमटीत घेतली, हुंगली, औषधवाल्याकडे दिली. औषधवाल्याने ती जिभेला लावली आणि त्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला. ‘अहो,’ तो म्हणाला, ‘म्हणजे आप्पांचं पोट ठीक आहे.’

मास्तर सूनबाईकडे वळून म्हणाले, ‘औषध दिलंतच की तुम्ही भट्टीला.’

अकरा सुटले. आप्पांनी बाराव्याला पाना लावला. तो हलला नाही. त्यांनी पाय रोवला, दोन्ही हात लावले. मास्तर मदतीला आले, त्यांनाही हलला नाही. गॅसकटरवाला खांद्यावरची नळी सोडवायला लागला. चकचकीतचा चेहरा पुन्हा पॉलिश केल्यासारखा झाला. कुणीतरी म्हणालं, बारांत अकरा म्हणजे वाईट नाही, एखादा निघतोच नासका. सूनबाईने तोंड उघडलं. तिने ठरवलं होतं, म्हणायचं की औषध लावायला मीच विसरले. एवढंच. सुनेच्या हातून चूक झाली तर कुणाला नवल वाटणार नाही.

पण आप्पा तिच्या तोंडाकडे बघत होते. दीड वर्ष तोंडं वाचून त्यांचा हात बसला होता. तिचे ओठ हलायच्या आधीच त्यांनी हात वर केला.

‘अकरा हिचे आहेत,’ ते म्हणाले. ‘बारावा माझा. हातचा.’ आणि मग, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसे जरा जास्तच मोठ्याने, ‘मला ऐकू येत नाही. दीड वर्ष झालं. मागच्या वर्षीचे चोवीसही माझेच.’

भट्टीच्या त्या शेडमध्ये एवढी शांतता झाली की निवणाऱ्या विटा तडतडताना ऐकू येत होत्या. म्हणजे, बाकीच्यांना.

मास्तरांनी बारावा बोल्ट कापायला लावला, त्याचा तुकडा फडक्यात घेतला आणि आप्पांच्या हातावर ठेवला. मग आप्पांच्या समोर उभं राहून, तोंड नीट दिसेल असं, सावकाश म्हणाले की पुढचे सगळे बोल्ट तुमच्याच दुकानातून. पण निवडणार ही. आणि खिशातला कुणी घालायचा नाही.

घरी जाताना आप्पांनी सूनबाईला विचारलं, तुला कधी कळलं? तिने हवेत खुळखुळा वाजवून दाखवला. आप्पांनी विचार केला आणि म्हणाले, तरीच. त्या दिवशी मांजर माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत होतं. जिन्यापाशी थांबून ते पुढे म्हणाले, ‘आणि ते बदक मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. मूठ नारळाएवढी झाली होती तुझी.’

महिन्याभरात आप्पांना कानाचं यंत्र आलं. बटाट्याच्या सालीएवढं, कानामागे बसणारं. ते लावल्यावर पहिला मान दगडाचा, असं त्यांनी जाहीर केलं. सूनबाईने निवडलेला आगीचा बोल्ट त्यांनी वितभर उंचीवरून सोडला. ठण्ण. आप्पांनी डोळे मिटले. चेहरा असा झाला की सासूबाई उगीचच फडताळ आवरायला लागल्या.

आणि तेवढ्यात वर टिटवी जागी झाली.

आप्पा दचकून उभे राहिले. त्यांना वाटलं कुठेतरी पट्टा तुटला, नाहीतर गाडीने गाडीला ठोकलं. मग ते जिन्याकडे बघत राहिले. ‘ही?’ त्यांनी विचारलं. सूनबाई म्हणाली, ही. ‘रोज?’ रोज. ‘असंच?’ नाही, ती म्हणाली, आज बरी आहे.

आप्पांचा हात यंत्राच्या बटणाकडे गेला. तिथेच थांबला. त्यांनी सुनेकडे पाहिलं, तिच्या डोळ्यांखालच्या काळ्या अर्धवर्तुळांकडे, खिशातून डोकावणाऱ्या पिस्तुलाकडे, इतक्या महिन्यांत कधी न पाहिल्यासारखं. मग हात खाली घेतला.

‘तू बस दुकानात,’ ते म्हणाले. ‘मी बघतो टिटवीला.’

अकरा पायऱ्या चढताना त्यांनी एकदाच मागे वळून विचारलं, आधी ताप बघायचा असतो ना? सूनबाईने पिस्तूल त्यांच्याकडे फेकलं, आणि ‘आग’ लिहिलेला डबा पुढ्यात ओढून त्यात बदक सोडलं.